पंधरा वर्षांच्या कबरीसाठी सिंगापूर

लोक सिंगापूरला फिरायला जातात. मत्स्यालय बघतात, उंच इमारतींसमोर फोटो काढतात, परतताना बॅगभर चॉकलेटं आणतात. मी गेले ते काकांची कबर उकरायला. विमानतळावर अर्ज भरताना प्रवासाचा हेतू विचारतात, तिथं मी मुकाट्यानं ‘नातेवाइकांची भेट’ असं लिहिलं. खोटंही नव्हतं म्हणा.

सुरुवात झाली एका फोनपासून. उन्हाळा नुकताच लागला होता. मी नगरच्या आमच्या घरी पपांसाठी कलिंगड चिरत होते. पपा एकोणनव्वद वर्षांचे. पाय थकलेत, पण कान भलतेच तीक्ष्ण, विशेषतः त्यांच्याशी संबंध नसलेल्या गोष्टींसाठी. फोन सिंगापूरहून होता. मिलिंद नावाचे एक गृहस्थ, मूळचे संभाजीनगरचे, तिथं इंजिनिअर. माझे धाकटे काका शांतवन तोआ पायोह भागात भाड्याच्या खोलीत राहायचे, तेव्हा शेजारच्या खोलीत हे मिलिंद राहायचे. पंधरा वर्षांपूर्वी काका वारले, तेव्हा त्यांचं सगळं यांनीच केलं होतं.

“करुणाताई, सिंगापुरात जागा कमी. कबर पंधरा वर्षांसाठीच मिळते,” ते म्हणाले. “काकांची मुदत संपली. आता सरकार कबर उकरणार, अवशेषांचं दहन करणार आणि राख आपल्याला देणार. घरच्या कोणी यावं असं मला फार वाटतं.”

मी हे पपांना सांगितलं. त्यांनी हातातली फोड बशीत ठेवली आणि विचारलं, “उकरणार आणि जाळणार?” मग पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदाही.

इथं जरा मागं जावं लागेल, नाहीतर माझ्या या प्रवासाला काही अर्थ राहणार नाही.

काका आमच्याकडच्या एका छोट्या बायबल स्कूलमध्ये चर्चचा इतिहास शिकवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना व्हरांड्यात गोळा करून ते खटले चालवायचे, आणि तेही मेलेल्या माणसांवर! युरोपात मध्ययुगात हे खरंच होत असे. एका पोपचं प्रेत थडग्यातून काढून, झगा चढवून खुर्चीत बसवलं आणि त्याच्यावर आरोप वाचले. धर्ममताविरुद्ध बोललेला माणूस शिक्षा होण्याआधीच मेला, तर त्याची हाडं उकरायची, गावातून मिरवायची आणि चौकात जाळायची. मुलाबाळांचं घरदारही जप्त करायचं. इंग्लंडात एका पाद्र्यानं लोकांच्या भाषेत बायबल आणलं. तो मेल्यावर कितीतरी वर्षांनी त्याची हाडं काढून जाळली आणि राख ओढ्यात टाकली.

आमच्या खटल्यात प्रेत म्हणून खुर्चीत लोड ठेवलेला असे. त्याला आईचा जुना ब्लाउज घालायचो. मेलेल्याच्या बाजूनं बोलायचं काम नेहमी माझ्याकडे, कारण माझं तोंड चालायचं. पपा शाळामास्तर, निकालाचं काम आटपून शाळेतून यायचे, सायकल भिंतीला लावायचे आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी काका एकच प्रश्न विचारायचे. “बोला पोरांनो, तो तर मेलाय. मग शिक्षा लागली कोणाला?” आम्ही काहीबाही उत्तरं द्यायचो आणि आंबे खायला पळायचो. ते दोघे भाऊ त्या व्हरांड्यात एका बाकावर बसलेले आठवले की मला आजही घरी जावंसं वाटतं, आणि मी तर त्याच घरात राहते.

मग ते झालं. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक म्हातारे शिंपी दुसऱ्या पंथात गेले, नदीत उतरून नव्यानं बाप्तिस्मा घेतला. ते वारले तेव्हा पंचांनी ठराव केला, आपल्या कबरस्तानात त्यांना जागा नाही. पपा मंडळीचे चिटणीस, ठरावाखाली सही त्यांची. काकांनी भर दुपारी कबरस्तानाच्या फाटकाचं कुलूप तोडलं, चार माणसं घेऊन खड्डा खणला आणि स्वतः प्रार्थना म्हणून शिंप्याला मूठमाती दिली. पपा धावत गेले. मी त्यांच्या मागे होते, वीस वर्षांची. काकांच्या हातात फावडं होतं. ते म्हणाले, “दादा, उद्या मी मेलो की मलाही उकरून जाळणार का तुम्ही?”

पपा म्हणाले, “वेळ आली तर तेही करीन.”

पुढच्या आठवड्यात काकांचं नाव मंडळीच्या यादीतून काढलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सिंगापुरातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांना काम मिळवून दिलं आणि ते गेले. पपांनी त्यानंतर त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. उल्लेख करायची वेळ आलीच तर ‘तो’. आमच्याकडे मंडळीतलं माणूस गेलं की देवळाची (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) घंटा वाजते, वयाइतके टोले. गल्लीतली माणसं हातातलं काम थांबवून टोले मोजतात आणि मग कोणीतरी देवळाच्या फाटकाशी येऊन विचारतं, “कोण गेलं?” काका एकाहत्तराव्या वर्षी गेले. मिलिंदचं पत्र आलं, पपांनी वाचलं, घडी करून ठेवलं. घंटा वाजली नाही. मीही काही बोलले नाही. तोंड चालणारी मी, तेव्हाच नेमकी गप्प बसले.

आणि आता पंधरा वर्षांनी हे. पपा मला म्हणाले, “मी बोललो होतो तसंच होतंय. तू जा आणि ते थांबव. जाळू देऊ नकोस त्याला.”

पहिला दिवस

पारपत्र होतं, व्हिसा घरबसल्या एजंटकडून चार दिवसांत झाला. नगरहून मुंबईपर्यंत बस आणि पुढं रात्रभराचं विमान. सल्ला एकच, स्वेटर हातात ठेवा. विमानात कुडकुडायला होतं आणि उतरल्यावर बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते.

मिलिंद घ्यायला आले होते. पंचेचाळिशीचे, शांत, केस पिकायला लागलेले. मी आमच्या ख्रिस्ती सवयीनं “सलाम” म्हणाले, ते त्यांच्या सवयीनं “जय भीम” म्हणाले, आणि लगेच हसून म्हणाले, “काका मला जय भीम म्हणायचे आणि मी त्यांना सलाम. सवय मोडली माझी.”

त्यांचं घर सेरंगूनला, मॉलपासून दहा मिनिटांवर, बाराव्या मजल्यावर. बायको सुनीता. तिनं भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि पालेभाजी केली होती. परदेशात पहिल्या जेवणाला भाकरी मिळाली की माणूस उगाच हळवा होतो. मुलगी चौदा वर्षांची. मराठी कळतं, उत्तर मात्र तिथल्या इंग्रजीत. मी विचारलं, ठेचा तिखट लागत नाही का ग? “नॉट स्पायसी लाह, आजी!” मला आजी म्हणाली म्हणून मी जरा खट्टू झाले, पण साठी उलटलीय, चालायचंच.

जेवणानंतर मी मिलिंदना सांगितलं की मी राख न्यायला नाही, दहन थांबवायला आलेय. ते काहीतरी बोलणार होते. मग सुनीताकडे पाहून म्हणाले, “उद्या ऑफिसात विचारू.”

दुसरा दिवस

सिंगापुरात फिरायला वेगळं तिकीट काढायची गरज नाही. आपलं बँकेचं कार्ड चालत असेल तर तेच एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, फाटकाला टेकवायचं, नाहीतर स्टेशनात कार्ड मिळतं. दोन-तीन डॉलरमध्ये शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. गाडीत दुरियान हे फळ न्यायला बंदी आहे. वास घेतल्यावर ती बंदी मला पूर्ण पटली.

सरकारी ऑफिस इतकं चकचकीत की मी पायपुसण्यावर दोनदा पाय पुसले. खिडकीतली बाई तरुण, चिनी, बोलायला फार गोड. मी पपांचं वय सांगितलं, भावाभावांचं भांडण सांगितलं, पैसे भरायची तयारी दाखवली. माझ्या इंग्रजीला मिलिंद मधून मधून टेकू देत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आँटी, आय अंडरस्टँड,” ती म्हणाली. “बट कॅनॉट. सगळ्यांना एकच नियम. ज्यांच्या धर्मात पुरावंच लागतं, त्यांना पुन्हा छोटी जागा देतात. ख्रिश्चनांचं दहन होतं. तुम्ही हजर राहू शकता, प्रार्थना म्हणू शकता. आम्ही फार आदरानं करतो.”

मी म्हणाले, “पण त्यांना जाळायचं नाही.”

तिनं मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद खाली बघत होते. मी जाम चिडले. घरी पपांना काय सांगू, हा एकच विचार डोक्यात. बाहेर आल्यावर मी मिलिंदना चक्क रागावले. “तुम्ही काहीच बोलला नाहीत!”

“ताई, चला, आधी तोआ पायोहला जाऊ,” ते म्हणाले. “काकांच्या टेबलावर बसू. तिथं सांगतो.”

तोआ पायोह म्हणजे सिंगापूरची जुनी वस्ती. उंच इमारती, खाली मोकळ्या जागेत बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, दोऱ्यांऐवजी बांबूंवर वाळत घातलेले कपडे. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली तीस-चाळीस खाण्याच्या टपऱ्या, मधे टेबलं. खायला बसण्याआधी टेबलावर रुमाल किंवा कागदी टिश्यू ठेवला की जागा आपली. हे लक्षात ठेवा, मी एकदा चुकून कोणाचा टिश्यू ठेवलेल्या टेबलावर बसले आणि बऱ्याच भुवया उंचावल्या. काया टोस्ट घ्या, नारळ-अंड्याचा गोड मुरांबा लावलेला पाव. सोबत अर्धवट उकडलेली दोन अंडी. कॉफी धरून पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं.

कॉफीच्या टपरीवरची म्हातारी मिलिंदना ओळखत होती. त्यांनी माझी ओळख करून दिली. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

“टीचर्स नीस आह? सेम नोज लाह!” टीचरची पुतणी ना, नाक तेच, असं म्हणत तिनं न विचारता एक कप समोर ठेवला. काळी, बिनसाखरेची. काका तीच प्यायचे, म्हणे, रोज साडेसहाला. माझ्या नाकावर आमच्या घरात पुष्कळ विनोद झालेत, पण त्या दिवशी त्याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला. डोळे भरून आले आणि कडू कॉफीचं निमित्त मिळालं.

मग मिलिंदनी सांगितलं.

“काका हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी म्हणालो, काका, इथं पुरलं तर जागा पंधरा वर्षंच राहते, मग उकरतात आणि जाळतात. त्यापेक्षा आत्ताच दहन करून राख गावी पाठवू का? तर ते हसायला लागले ताई. इतके हसले की नर्स आली. म्हणाले, खरंच? उकरतात आणि जाळतात? मग मला पुराच.”

मी कप खाली ठेवला.

“मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. तो शिंपी, ते फावडं, दादा काय म्हणाले ते. म्हणाले, दादा तोंडानं बोलून बसला. आता तो ते मनात घेऊन कुढत बसणार, मी ओळखतो त्याला. पंधरा वर्षं पुरतील त्याचा हट्ट मोडायला. मग मला उकरतील तेव्हा त्याला कळव. म्हणावं, तू बोलला होतास ते सरकारनं करून टाकलं. झालं ते. आता तुझ्या डोक्यावर काही नाही.”

“हे तुम्ही आधी का नाही कळवलं?”

“आधी नको म्हणाले होते. उकरतील तेव्हाच. आणि फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. वाटलं, घरचं माणूस समोर असावं.”

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब मासे खात होतं, पंखे फिरत होते. मला काकांचा राग आला, खरं सांगते. पंधरा वर्षं एका म्हाताऱ्याला वाट बघायला लावली! मग लक्षात आलं, ही पंधरा वर्षं आम्हाला मोकळी होती. एक पत्र, एक फोन, घंटेचा एक टोला, काहीही कधीही करता आलं असतं.

तिसरा दिवस

पपांना फोन करायचं मी सकाळपासून पुढं ढकललं. वेळ काढायला मिलिंदच्या लेकीबरोबर बोटॅनिक गार्डन पाहिलं. फुकट आहे, छत्री न्या, दुपारी हमखास पाऊस येतो. वाटेत तिला काकांचे ते खटले सांगितले. तिनं विचारलं, त्या काळात मेलेल्या माणसांना शिक्षा का करायचे? मी म्हणाले, जिवंत असलेल्यांनी घाबरावं म्हणून. “व्हेरी सॅड लाह,” ती म्हणाली, आणि मला आइस्क्रीम घेऊन दिलं. पावात दुमडलेलं आइस्क्रीम. तेही खाऊन बघा.

दुपारी फोन लावला. काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मेलेल्याच्या बाजूनं बोलायचं माझं जुनं काम, फक्त या वेळी हसायला कोणी नव्हतं.

“पपा?”

“हसला का तो?” पपांनी विचारलं.

“खूप हसले म्हणे. नर्स आली.”

“हं.” मग म्हणाले, “उद्या मला दाखव. मी प्रार्थना म्हणतो.”

चौथा दिवस

चोआ चू कांग स्टेशनातून कबरस्तानाकडे बस जाते, पण सकाळी लवकर पोचायचं असेल तर टॅक्सी करा. शहर संपतं, झाडी लागते आणि मग लांबच लांब कबरी. सिंगापुरात इतकं मोकळं आकाश मला दुसरीकडे कुठंच दिसलं नाही.

काकांच्या कबरीवर ताडपत्रीचं छप्पर केलं होतं. कामगार तीन, हातमोजे घातलेले, एक तमिळ आणि दोन बांगलादेशी. त्यांचा मुकादम आधी कबरीसमोर वाकला, मग खणायला सांगितलं. मिलिंदनी फोन धरला. पडद्यावर पपा, अंगात पांढरा सदरा, जो ते फक्त रविवारच्या उपासनेला घालतात. शेजारी आमच्या मंडळीचे नवे पाळक, म्हणजे पाद्री, वय असेल तिशीचं. पपांनी त्यांना स्वतः बोलावून घेतलं होतं.

पपांनी दफनविधीची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. पुस्तक हातात होतं, पण बघत नव्हते. पंधरा वर्षं उशिरा म्हटलेली प्रार्थना, आणि खड्डा बुजवायच्या ऐवजी उकरला जात होता. कामगारांनी एकेक हाड हळुवार काढून पांढऱ्या कापडावर मांडलं. बीभत्स काही नव्हतं. माती लालसर होती आणि हाडं तिच्याच रंगाची झाली होती. जिथं प्रार्थनेत नाव घ्यायचं असतं, तिथं पपा अडखळले. “हा... हा आमचा भाऊ,” एवढं म्हणून पुढं गेले. नाव आलं नाही.

दहन त्याच दिवशी झालं. मिलिंद माझ्या शेजारी हात जोडून उभे होते, ओठ हलत होते. त्यांनी त्रिशरण म्हटलं असावं. काकांना चाललं असतं. दुसऱ्या दिवशी राख मिळाली, जेमतेम पोळ्यांच्या डब्याएवढी.

ज्यांना कोणाला असं काम पडेल त्यांच्यासाठी: दहनाचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, कागदपत्रांचं आपल्या दूतावासात आणि विमान कंपनीकडे आधी विचारून घ्या, आणि धातूचा कलश नेऊ नका, तपासणीत आतलं दिसत नाही. मी लाकडी पेटी घेतली. सुरक्षा तपासणीतल्या माणसानं विचारलं, आत काय आहे? मी म्हणाले, माय अंकल. त्यानं पेटी दोन्ही हातांनी उचलून मला परत दिली.

घरी

सिंगापूरचं काय राहिलं? कडू कॉफीची चव राहिली. मी ती आता घरी करते, बिनसाखरेची, तोंड वाकडं करत पिते. मिलिंदचा दर रविवारी फोन येतो. तो व्हरांडाही राहिला. आधी मला तिथं फक्त हसणारे दोघे भाऊ आठवायचे, नंतरची वर्षं आठवली की मी विषय बदलायचे. आता बदलत नाही. ‘शिक्षा लागली कोणाला’ या काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बाकावर नाही, इतक्या वर्षांनी पपांच्या चेहऱ्यावर दिसलं. काका तिकडे कॉफी पीत होते, मिलिंदबरोबर नाताळचा तारा लावत होते. शिक्षा लागली ती इकडे, सही करणाऱ्याला.

आम्ही मंगळवारी राख पुरली, आजी-आजोबांच्या कबरीत. शिंप्याची कबर तिथून चार पावलांवर आहे. त्यांना कोणी उकरलं नव्हतं, तेवढी लाज पंचांना होती. मग पपा म्हणाले, मला देवळात ने. व्हीलचेअर घंटेच्या दोरीशी नेली. पाळकसाहेबांनी दार उघडून दिलं. पहिले तीन टोले पपांनी दिले, मग दमले, पण दोरी धरूनच राहिले. पुढचे मी दिले. ते मोजत होते, मोठ्यानं, शाळेत हजेरी घ्यायचे तसं. पन्नासच्या पुढं माझे खांदे भरून आले. एकाहत्तरला आम्ही थांबलो.

मंगळवारी दुपारी घंटा म्हणजे गल्ली गोंधळली. रसवंतीवाल्याचं चाक थांबलं. समोरच्या घरातल्या काकू ओल्या हातांनीच देवळाच्या दाराशी आल्या. त्यांनी मोजलं होतं. एकाहत्तर वर्षांचं मंडळीत सध्या कोणी नाही, हे त्यांना माहीत होतं.

“कोण गेलं हो सर?” त्यांनी पपांना विचारलं.

पपांनी दोरी अजून सोडली नव्हती.

“माझा भाऊ गेला,” ते म्हणाले. “शांतवन.”